चेअरमनचा डबा

थोर माणसाच्या जाण्याने समाजात एक पोकळी निर्माण होते आणि ती कधीही भरून निघत नाही.

यशवंता, तुझ्या बाबतीत ती पोकळी महाद्वार रोडजवळच्या एका बोळात, जिन्याखालच्या तुझ्या रबरी शिक्क्यांच्या दुकानात होती. दोन गिऱ्हाईकं आत उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं, एवढीच. तुझा जलदान विधी झाला त्याच आठवड्यात शेजारच्या मोबाइलवाल्याने तिथे दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पाण्याचा जार आणून ठेवला. पोकळी भरून निघाली. मी रागावून सुमनवहिनींना सांगायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "मीच ठेवायला सांगितलं भावोजी. मोकळं बघवत नव्हतं."

तुझी शोकसभाही झाली. बाजारपेठेतल्या मंडळींनी हॉल घेतला, निमंत्रणपत्रिका छापल्या. पत्रिकेवर अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, स्वागताध्यक्ष, प्रमुख वक्ते आणि आभार मानणारे अशी नावं होती. तुझं नाव त्या सगळ्यांच्या खाली होतं, पण फोटो फक्त तुझाच होता, हे मान्य केलं पाहिजे. प्रमुख वक्ता मी होतो.

मी गेलो नाही. त्या रविवारी सकाळी मी पन्हाळ्याची एसटी धरली. पिशवीत पाण्याची बाटली, दोन भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि तू मला मी निवृत्त झालो त्या दिवशी दिलेला शिक्का. तुझे डबे बघून यायचे होते.

हे डबे म्हणजे काय, ते सभेतल्या कुणालाच माहीत नसणार. माहीत असतं तर त्यावरही कुणीतरी कोनशिला बसवली असती.

दोष माझाच. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. कॉलेजच्या ग्रंथालयाने रद्दीत काढलेलं एक जुनं इंग्रजी मासिक मी घरी आणलं होतं. त्यात लिहिलं होतं की तिकडची माणसं माळरानावर दगडांखाली डबे लपवून ठेवतात. प्रत्येक डब्यात एक रबरी शिक्का. लोक खाणाखुणा वाचून चालत जातात, डबा शोधतात, आपल्या वहीवर शिक्का उमटवून घेतात, आपली खूण डब्यात ठेवतात आणि डबा होता तसा लपवून परत येतात. रिकामटेकड्या लोकांचा नमुना म्हणून मी तुला हे सांगायला आलो. तू टेबलावर वाकून कुठल्याशा पतसंस्थेच्या शिक्क्याचं रबर ब्लेडने साफ करत होतास. तुझा हात थांबला.

"डोंगरात शिक्के?"

"हो."

"कोण करून देतंय त्यास्नी?"

"स्वतःच करतात म्हणे. हाताने कोरून."

"मग वाईट असणार," तू म्हणालास, आणि ब्लेड खाली ठेवलंस. परदेशातून आलेल्या बातमीत तुझ्या धंद्याला स्थान असल्याची ती पहिलीच वेळ होती.

शिक्क्यांचा तर तुझ्याकडे साठाच होता. तुझं दुकान म्हणजे जिल्ह्यातल्या मानमरातबाचं प्रसूतिगृह. सरपंच, चेअरमन, सेक्रेटरी, कार्याध्यक्ष, सगळे आधी तुझ्याकडे रबरात जन्माला यायचे आणि मग गावात. राधानगरीकडचे ते गृहस्थ आठवतात? त्यांना 'माजी चेअरमन' असा शिक्का हवा होता. म्हणाले, "चेअरमन मोट्टं टाका. माजी जरा बारीक." तू विचारलंस, "किती बारीक?" ते म्हणाले, "वाचाय आलं न्हाय तरी चालंल." तू हसला नाहीस. गिऱ्हाईकासमोर तू कधीच हसत नव्हतास. ते काम माझ्याकडे होतं, आणि म्हणून तू मला दुकानात मागच्या स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून बसवायचास.

आणि टेबलाखाली तो खण. निवडणुकीत उभे राहिलेले उत्साही लोक निकालाच्या आधीच शिक्क्याची ऑर्डर देऊन जायचे. पडले की फिरकायचे नाहीत. त्यांचे सरपंच आणि चेअरमन त्या खणात वर्षानुवर्षं पडून असायचे. मी एकदा म्हणालो, फेकून दे. तू म्हणालास, "हारलेल्या माणसाचं हाय. आपण कशाला फेकायचं?"

त्या खणातले तीन शिक्के तू निवडलेस. सरपंच, अध्यक्ष आणि चेअरमन. प्रत्येकावरचं गावाचं आणि संस्थेचं नाव ब्लेडने खरवडून काढलंस, फक्त पद ठेवलंस. मी विचारलं, नाव का काढलंस, तीच तर मजा होती. "डोंगरावर नेऊन कुणाची थट्टा करायची न्हाय," तू म्हणालास. इतकी वर्षं मी पुस्तकं वाचली, शिकवली. मला हे सुचलं नव्हतं.

प्लास्टिकचे तीन तुपाचे डबे, झाकणावर स्कूटरच्या ट्यूबच्या कापलेल्या कड्या, आत शिक्का, जांभळ्या शाईचं पॅड आणि कोरे कागद. झाकणाच्या आत तू चिकटवलंस: 'शिक्का मारून घ्या. डबा परत ठेवा.' खाणाखुणांची चिठ्ठी तू गिऱ्हाइकाच्या पुडीत शिक्क्याबरोबर घालायचास. मी शंका काढली, तिकडे ज्याचा त्याचा शिक्का असतो, तो ते डब्यातल्या कागदावर उमटवतात. इथे कुणाकडे स्वतःचा शिक्का असणार?

"ज्याच्याकडं शिक्का न्हाय, त्याच्याकडं अंगठा हाय की."

डबे लपवायला आपण दोघं गेलो, आणि तेवढंच. त्यानंतर दरवर्षी पाऊस उघडल्यावर, दसऱ्याच्या आसपास, तू एकटाच जात होतास. भरलेले कागद काढून आणायचे, कोरे ठेवायचे. मला नेत नव्हतास असं नाही. मी येत नव्हतो. परत आलास की सांगायचास, "एवढी माणसं येऊन गेल्यात बघ." मी म्हणायचो, कागद दाखव. तू म्हणायचास, "बघायचं असंल तर वर चल." मी म्हणायचो, सगळे अंगठे तुझेच असणार. आपल्याकडे माणूस उगाच डोंगर चढून डबा शोधत नाही, शोधलाच तर परत ठेवत नाही, डब्याला घरी उपयोग असतो. तू म्हणायचास, "तू लेका पर्फेसर हाईस. तुला माणसं पुस्तकात भेटत्यात." हा वाद पंधरा वर्षं चालला. बाकी सगळ्या विषयांवर आपलं कधी ना कधी एकमत झालं, अगदी तांबड्या रश्श्याबद्दलसुद्धा.

मग तुझी किडनी गेली, आणि दोन दसरे तू गेला नाहीस. या जूनमध्ये दवाखान्यात, हाताला नळ्या लावलेल्या असताना, तू मला म्हणालास, "दोन वर्षं झाली. लोकास्नी वाटायचं, रद्द झालं. एकदा जाऊन ये. कोण आलं नसंल तर डबं खाली आण, उगंच डोंगरात कचरा नको. कोण आलं असंल तर ऱ्हाऊ दे."

मी म्हणालो, "तूच जाशील की दसऱ्याला."

हे वाक्य लोक दवाखान्यात का बोलतात, ते मला माहीत नाही. तू माझ्याकडे बघितलंस, हरलेल्या उमेदवाराकडे बघायचास तसं, आणि विषय बदललास. मी 'हो, जातो' म्हणायला हवं होतं. दोनच शब्द होते.

तर मी निघालो. पन्हाळ्यावरून तुरुकवाडीकडे उतरलो. चालताना लक्षात आलं की निकाल लागायला आता काहीच अडचण नाही. दोन वर्षं तू गेला नव्हतास. कागदावर अंगठे असतील तर ते तुझे नाहीत. नसतील तर मी जिंकलो. आणि यशवंता, आयुष्यात पहिल्यांदा मला वाद हरायचा होता.

सरपंच तुरुकवाडीच्या अलीकडे उंबराच्या मुळात ठेवला होता. उंबर आहे. त्याच्याभोवती आता दगडी कंपाउंड आहे, आत बंगला आहे आणि फाटकावर राखणदार आहे. तो म्हणाला, "कोण पायजे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "सरपंच."

"सरपंच हितं न्हाईत. मालक पुण्याला असत्यात."

मी उंबराकडे बोट दाखवलं. झाडाच्या बुंध्याभोवती गोल ओटा बांधून त्याला फरशी बसवलेली होती. "त्या फरशीखाली काय होतं का हो?"

"माती," तो म्हणाला, आणि माझ्याकडे जरा काळजीने बघून पाण्याचा तांब्या आणून दिला.

पुढे म्हाळुंग्यावरून मसाई पठाराची चढण. पठार तसंच आहे. वर पोचेपर्यंत सपाटी आहे यावर विश्वास बसत नाही आणि पोचल्यावर दुसरं काही दिसत नाही. सोनकीची फुलं संपत आली होती. मी तुझ्याशी दोनदा मोठ्याने बोललो. ऐकायला म्हशी होत्या.

अध्यक्ष आपण पांडवदऱ्याच्या लेण्यात ठेवला होता, कोनाड्यातल्या दगडांमागे. लपवताना तू म्हणालास, "लेणी आमची, नाव पांडवांचं. हितंबी शिक्का दुसऱ्याचाच." मग जरा थांबून, "बुद्धाच्या दारात अध्यक्षाला बसवलाय. बघू, गप बसाय शिकतोय का." तो शिकला होता. डबा जागेवर होता, ट्यूबची कडी चिरफळली होती. आत मुंग्या, वाळून खापर झालेलं पॅड आणि कागद. वर एकच अंगठा, बाकी सगळं कोरं. त्या अंगठ्यात मधोमध एक तिरकी पांढरी रेघ होती. मला कळायला एक क्षण लागला. पंचाहत्तर सालच्या सुमारास तुझा अंगठा ब्लेडने कापला होता आणि मीच तुला सायकलवरून दवाखान्यात नेलं होतं. ती खूण. तू कोऱ्या कागदावर आधी आपला अंगठा देऊन मग डबा ठेवत होतास, म्हणजे नंतर येणाऱ्याला पहिलं व्हायचा संकोच नको.

दोन वर्षांत अध्यक्षाकडे कुणी आलं नव्हतं. मी डबा पिशवीत घातला. मी जिंकत होतो. लेण्यात बसून भाकरी काढली आणि तशीच परत बांधली. पॅडवर थुंकून चार-दोन अंगठे उठवावेत आणि डबा परत ठेवून द्यावा, हेही मनात येऊन गेलं. मला कोण विचारणार होतं? पण पंधरा वर्षं मी तुझ्यावर जो आरोप केला, तोच उद्योग स्वतः करायचा, हे मला जमेना.

राहिला चेअरमन. तो मसाईदेवीच्या देवळाच्या पुढे, पठाराच्या पार टोकाला, दोन मोठ्या दगडांच्या खाचेत. मी खाचेत हात घातला. काही नव्हतं. काठी घातली. गुडघ्यावर बसून वाकून बघितलं.

"काय हुडकताय पावणं?"

मागे एक बाई उभी होती. साठीच्या पुढची, डोक्यावर गवताचा भारा.

"डबा होता एक इथे."

"शिक्क्याचा व्हय? त्यो घरात हाय. हितं पाणी भराय लागलं, म्हणून मीच नेला. चला."

पठाराच्या कडेखाली आठ-दहा घरांची वाडी आहे. तू ती कधी सांगितली नव्हतीस. तिचं नाव हौसाक्का. तिने भारा टाकला, आत गेली आणि फळीवरून तुझा डबा घेऊन आली. कडी नवी होती. टायरच्या ट्यूबचीच, पण ताज्या काळ्या रबराची. झाकण उघडून तिने कागद माझ्या हातात दिले, आणि मी उंबऱ्यावरच बसलो.

सगळे भरलेले होते. पहिल्या कागदावर सुरुवातीला तुझा रेघेचा अंगठा आणि खाली ओळीने अंगठेच अंगठे. मोठे, रुंद, झिजलेले, ज्यांच्यावर रेषाच उरल्या नाहीत असे. शेजारी कुणीतरी शाळेतल्या अक्षरात नावं घातली होती.

"दोन्ही सालाचं हायत," हौसाक्का म्हणाली. "साहेब आलं न्हाईत, पर आमी अंगठं चुकवलं न्हाईत. तेवढं वर सांगा."

"कुठे वर?"

"कचेरीत."

हौसाक्काच्या बोलण्यातून मला उलगडायला वेळ लागला, तुला अर्थातच कधीचं माहीत होतं. पहिल्याच वर्षी वाडीतल्या माणसांनी तुला दगडापाशी बघितलं होतं. शिक्का, पॅड, कागद, अंगठे. असा माणूस सरकारी नसेल तर कोण? रस्त्याची मोजणी आली, अशी वाडीत बोलवा झाली. ज्याचा अंगठा नाही त्याचं घर रस्त्यातून वगळणार. दर दसऱ्याआधी अख्खी वाडी चेअरमनसमोर हजर.

"अहो आक्का," मी म्हणालो, "तो खेळ होता."

"ते बी तसंच म्हणायचं," ती शांतपणे म्हणाली. "पैल्या सालापासनं. ह्यो खेळ हाय, मी शिक्केवाला हाय, मला रस्त्याचं काय म्हाईत न्हाय. सरकारी माणूस दुसरं काय बोलतंय?"

"मग तुम्हाला पटलं नाही?"

"आदी न्हाई पटलं. मागनं कळालं की. रस्ता काय हुईत न्हाई." तिने कागद माझ्याकडून घेतले आणि नीट जुळवले. "पर वरसातनं एकदा माणूस एवढं चालत येतंय, इच्चारपूस करतंय, डबा उघडून बघतंय. रिकामा दिसला तर त्येचं तोंड एवढंसं हुतंय. अंगठा द्यायला आमचं काय जातंय?"

मला तुझे शब्द आठवले. लोकास्नी वाटायचं, रद्द झालं. दवाखान्यात तू हे म्हणालास तेव्हा मला वाटलं होतं, खेळाबद्दल बोलतोयस.

"साहेब का आलं न्हाईत?" तिने विचारलं.

मी सांगितलं.

ती उठून चुलीवर चहाचं आधण ठेवून आली. मग म्हणाली, "चांगलं हुतं. च्या घ्यायचं, पर साखर नको म्हणायचं. आमी घालायचो थोडी." मग, "आता त्यांच्या जागी कोण नेमलंय?"

"कुणी नाही."

"मग तुमी कसं आलायसा?"

तिने पॅडवर पाण्याचे चार थेंब टाकले, बोटाने चोळले आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "आलायसा तर द्या."

पिशवीत तू दिलेला शिक्का होता. त्यावर फक्त माझं नाव, पुढे मागे काही नाही. देताना तू म्हणाला होतास, "ह्यो कवा बाद हुईत न्हाय." तो काढायला हात पिशवीत गेला होता. मग मी तो मागे घेतला आणि अंगठा दिला. तुझ्या कागदावर, सगळ्यात शेवटी. चेअरमन तिच्या फळीवर राहिला. चहात साखर थोडी होती.

वाद तू जिंकलास, हे इथे लिहून ठेवतो. माणसं येत होती, डबा परत ठेवत होती, वर त्याला कडीही नवी घालत होती. ती खेळायला येत नव्हती, हा माझा मुद्दा शिल्लक आहे. पण तो तुझ्यासमोर मांडता येत नाही, तेव्हा त्याला फारसा अर्थ नाही. तुला मी कधी हे सांगितलं नाही की त्या भिंतीकडे तोंड केलेल्या स्टुलावर मी जेवढं शिकलो तेवढं कॉलेजात शिकलो नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, "बारीक टाईपात टाकू काय?"

सुमनवहिनींना सगळं सांगितलं. त्या ऐकून घेता घेता हसल्या, मग पदर डोळ्यांना लावला, मग पुन्हा हसल्या. अध्यक्षाचा डबा पुढे केला तर म्हणाल्या, "त्यो तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे भावोजी. आमच्यात अध्यक्ष नको." तो माझ्या पुस्तकांच्या कपाटावर आहे. अजून गप्प आहे.

सोमवारच्या पेपरात तुझ्या शोकसभेची बातमी आली. अशा बातम्या आदल्या दिवशीच लिहून दिलेल्या असतात. तीत प्रमुख वक्ते म्हणून माझं नाव आहे. थोर माणसाच्या जाण्याने समाजात एक पोकळी निर्माण होते आणि ती कधीही भरून निघत नाही, असे भावपूर्ण उद्गार मी काढले आणि उपस्थितांचे डोळे पाणावले.

परवा पन्हाळ्याला कचेरीत जाऊन आलो. त्या वाडीच्या रस्त्याची चौकशी केली. कारकून सज्जन होता. त्याने सगळं उघडून बघितलं. असा रस्ता कधी कुणी मागितलेलाच नाही. अर्ज करा, तो म्हणाला, साध्या कागदावर चालेल. फक्त खाली सरपंचाचा शिक्का लागेल.